ग्वाल्हेरच्या फोटोखालच्या ओळी

जून उजाडला की माझ्या फोनवर तो फोटो येतोच. दागिन्यांनी मढलेली एक तरुण स्त्री, आणि खाली ओळ: झाशीच्या राणीचा एकमेव खरा फोटो, 1850, छायाचित्रकार हॉफमन. नातेवाइकांच्या ग्रुपवर येतो, कॉलनीच्या ग्रुपवर येतो, मंडळाच्या ग्रुपवर तर दोन-दोनदा. मी दर वेळी तेच लिहिते. जॉन्स्टन अँड हॉफमन ही कलकत्त्याची फोटो कंपनी निघाली 1880 च्या दशकात. राणी गेली 1858 साली, इथेच, आमच्या फुलबागेशेजारी. हिशेब बसत नाही. राणीचा खात्रीने तिचाच म्हणता येईल असा एकही फोटो नाही.

एकदा आमच्या एका मामांनी फोनच केला. म्हणाले, "अगं, तुझं काय जातंय? लोकांना चेहरा हवा असतो, हात जोडायला." त्यांचं हे म्हणणं मी मनावर घेतलं. लोकांना चेहरा हवा असतो हे खरंच आहे. पण ज्या अनोळखी बाईचा चेहरा आपण उचलून तिथे लावला, ती कोण होती, तिचं नाव काय, हे आपण कायमचं पुसून टाकलं त्याचं काय? चूक फोटोत नाही, फोटोखालच्या ओळीत आहे. ग्वाल्हेरमध्ये फोटो काढत हिंडते तेव्हा मला जास्त काळजी या ओळींची असते.

मी लष्करात राहते. ग्वाल्हेरबाहेरच्यांसाठी सांगते: किल्ल्याच्या एका अंगाला जुनं ग्वाल्हेर, दुसऱ्या अंगाला दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेलं लष्कर, आणि पूर्वेला मुरार, इंग्रजांच्या कँटोन्मेंटचं. आमच्याकडच्या मोहल्ल्यांची नावं ऐकली की बाहेरचा माणूस थबकतो. चिटणीस की गोठ, शिंदे की छावनी, फालके बाजार. मराठी नावाला हिंदी प्रत्यय लावलेला, आणि त्यात आमच्यासारखी घरं, पिढ्यान् पिढ्या इथलीच, तरी "आप लोग तो महाराष्ट्र के हैं" असं रोज ऐकणारी. पुण्याला गेलं की तिथले विचारतात, "तुमचं मराठी असं हिंदीसारखं कसं?" तर ते एक असो.

1858 च्या जूनमध्ये इथे काय झालं ते सगळ्यांना ढोबळ माहीत असतं. काल्पीचा पराभव झाल्यावर राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे ग्वाल्हेरवर आले. 1 जूनला मुरारजवळ जयाजीराव शिंदे फौज घेऊन समोर उभे राहिले आणि त्यांची बहुतेक फौज पलीकडे जाऊन मिळाली. जयाजीराव आग्र्याला निघून गेले. वय तेवीस-चोवीस. दिवाण दिनकरराव राजवाडे त्यांच्यासोबत. 3 जूनला फुलबागेत रावसाहेबांचा दरबार भरला. गंगाजळीचा खजिना उघडून फौजेला थकलेला पगार आणि वर बक्षीस वाटलं गेलं. मग इंग्रज सेनापती ह्यू रोज आला. 16 ला मुरार पडलं, 17 ला कोटा की सराय इथे इंग्रजांच्या 8 व्या हुसार घोडदळाने हल्ला केला, त्यात राणी पडली. 20 जूनला किल्लाही गेला.

आता यातली माणसं पुन्हा एकदा बघा. राणी तांब्यांची लेक, जन्म काशीचा. रावसाहेब पेशवे, तात्या टोपे, जयाजीराव शिंदे, दिनकरराव राजवाडे. एकमेकांसमोर उभे असलेले सगळे एकच भाषा बोलणारे. शाळेत आम्ही सगळ्यांनी "खूब लड़ी मर्दानी" ही जी हिंदी कविता पाठ केली, तिच्यात शिंद्यांना इंग्रजांचे मित्र म्हणणारी एक ओळ आहे. त्या ओळीला वर्गात आमच्या आडनावांकडे माना वळायच्या. बाईसुद्धा क्षणभर थांबायच्या. घरी आलं की भिंतीवर शिंदेशाही पगडी घातलेल्या पणजोबांचा फोटो. घरात जयाजीरावांना कोणी नुसतं नावाने म्हणत नसे, सरकार म्हणत. आणि त्याच घरात आजी आम्हाला राणीची गोष्ट सांगताना रडायची. लहानपणी मला यात विसंगती दिसली नाही. मोठं झाल्यावर दिसली, आणि तिथूनच मी हे काम हातात घेतलं.

पण फोटो कशाचा काढायचा? 1858 च्या ग्वाल्हेरची जी दृश्यं आपल्या मनात आहेत ती सगळी चितारलेली आहेत, नंतरच्या लोकांनी. कॅमेरा तेव्हा हिंदुस्थानात होता. फेलिचे बिआतो त्याच वर्षी लखनौला फोटो काढत होता. सिकंदरबागेत नोव्हेंबर 1857 मध्ये मारल्या गेलेल्या शिपायांची हाडं त्याच्या फोटोत अंगणभर पसरलेली दिसतात. तो फोटो लढाईनंतर काही महिन्यांनी काढलेला, आणि फोटोसाठी हाडं पुन्हा उघड्यावर आणली गेली असं त्या काळच्या एका इंग्रज अधिकाऱ्यानेच लिहून ठेवलंय. कॅमेरा कोणाच्या बाजूने उभा होता ते यावरून कळतं. हरलेल्यांकडे कॅमेरा नव्हता.

ग्वाल्हेरचे गाजलेले जुने फोटो लाला दीनदयाळांचे. मूळ मेरठजवळच्या सरधन्याचे, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला, तिथेच फोटोग्राफीत शिरले. 1882 मध्ये लेपल ग्रिफिन या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर मध्य भारत फिरून त्यांनी इमारतींचे फोटो काढले, ते 1886 मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यात आमचा किल्ला आहे. फार सुंदर फोटो आहेत, दगडावरचं ऊन असं पकडलंय की आजही मी त्यांच्यापासून शिकते. पण ते बघताना एक गोष्ट मनात ठेवावी लागते: 1858 पासून 1886 पर्यंत किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता. वर गोरी पलटण राहत होती. तेली मंदिराचा वापर कॉफीचं दुकान आणि सोडावॉटरचा कारखाना म्हणून होत होता. पुस्तक निघालं त्याच वर्षी किल्ला शिंद्यांना परत मिळाला, आणि बदल्यात तेव्हा शिंद्यांकडे असलेली झाशी इंग्रजांकडे गेली. झाशी! माझ्या मते दीनदयाळांच्या त्या फोटोंखाली आज ही ओळ यायला हवी. नुसतं "तेली मंदिर, नववं शतक" लिहून भागत नाही.

तेव्हा मी ठरवलं की लढाईची जागा शोधून तिथलं धुकं, ढग, पडक्या भिंती असले फोटो काढायचे नाहीत. आजचे लोक त्या आठवणीशी काय करतात तेच टिपायचं.

स्वर्णरेखा नाल्यापासून सुरुवात केली. ग्वाल्हेरचं पोरगंसुद्धा सांगेल, राणीचा घोडा नवा होता, नाला ओलांडायला तयार झाला नाही. आज स्वर्णरेखेला दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या भिंती आहेत, मधून शहराचं सांडपाणी जातं, आणि वरून एलिव्हेटेड रोडचं काम. त्याचा पहिला टप्पा राणीच्या समाधीपर्यंत आहे. मी पस्तीस एमएमची लेन्स लावून पुलाच्या कठड्याला टेकून उभी राहायचे. खांबांच्या सळ्या, वाकलेले मजूर, मागे किल्ल्याची काळी रेघ. एक मजूर छतरपूरकडचा होता. त्याने विचारलं काय काढता. मी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "घोडा कूद जाता तो?" आणि वाकून नाल्याची रुंदी नजरेने मोजायला लागला. ती नजर मला मिळाली. माझ्या सगळ्या कामातला तो फोटो मला सर्वांत खरा वाटतो.

गंगादास की बडी शाला, म्हणजे साधूंचा मठ, तिथून जवळच. राणीचा देह इंग्रजांच्या हाती लागू नये म्हणून महंत गंगादासांच्या साधूंनी लढाई केली, आणि 745 साधू पडले, असं मठात सांगतात. साधूंच्या समाध्या आहेत, तलवारी, भाले जपून ठेवलेत. तिथे मी हत्यारांचे फोटो फारसे घेतले नाहीत. ते सगळेच घेतात. मी तेल लावणाऱ्या हातांचे घेतले. शेंदूर आणि गंज बोटांवर एकाच रंगाचा दिसतो.

इंग्रजी कागद म्हणतात राणी 17 जूनला गेली. ग्वाल्हेर 18 जून पाळतं. ह्यू रोजने लिहिलंय की तिला किल्ल्याखाली चिंचेच्या झाडाखाली पुरलं. बडी शालेतले साधू सांगतात की गवताच्या गंजीवर तिथल्या तिथे अग्नी दिला. त्या हुसार पलटणीतल्या चौघांना ग्वाल्हेरच्या त्या हल्ल्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ही नोंद तिकडच्या कागदांत आहे. 745 साधूंची नोंद इकडच्या तोंडांत. मी फोटोखाली दोन्ही तारखा लिहिते. कोणी विचारलं की खरी कोणती, तर सांगते, लढाईची तारीख माझ्या मते 17 आहे. आणि बलिदान मेळ्याला मी 18 लाच जाते. झाशीहून ज्योत येते, उन्हाने डांबर मऊ झालेलं असतं, रात्री कविसंमेलन चालतं. या शहराची आठवण 18 चीच आहे, आणि मला फोटो त्या आठवणीचा काढायचाय.

सराफ्याबद्दल जरा जास्त लिहायचंय, कारण तिथे बाहेरचं कोणी फोटो काढायला जात नाही. अमरचंद बांठिया हे शिंदे दरबारचे खजिनदार, मूळ बिकानेरकडचे ओसवाल जैन. गंगाजळीचा खजिना त्यांनी रावसाहेबांच्या फौजेला मोकळा केला. इंग्रज परत आले आणि 22 जून 1858 ला भर सराफ्यात कडुनिंबाच्या झाडाला त्यांना फाशी दिली. राणी गेल्यावर आठवड्याच्या आत. आज तिथे त्यांचा अर्धपुतळा आहे. समोर दागिन्यांची दुकानं, बाजूला पार्क केलेल्या स्कूटी, वर तारांचं जाळं. धनत्रयोदशीच्या गर्दीत मी तिथे ट्रायपॉड लावला. एक शेठ काउंटरवरून उठून बाहेर आले, "मैडम, गहनों का फोटो नहीं लेना." मी म्हटलं, बांठियाजींचा घेतेय. ते गप्प झाले, मग नोकराला सांगून पुतळ्यासमोर लावलेली स्कूटी हलवली. स्वतःच्या रुमालाने पाटी पुसली. पाटीवरची अक्षरं इतकी झिजलीत की तारीख वाचायला बोट फिरवावं लागतं. मी त्यांना विनंती केली की स्कूटी पुन्हा होती तिथे लावा. स्कूटीसकटच हवा होता मला. रोज जसा दिसतो तसा.

आणि मग चिटणीस की गोठमधल्या काकू. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना नको आहे. ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांच्याकडे एक मोठा अल्बम आहे, जाड काळ्या कागदाचा, मधे मधे पातळ कागद घातलेला. त्यातला एक फोटो दसऱ्याच्या दरबाराचा. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडेला सोनेरी रेघ होती ती फक्त एका कोपऱ्यात उरलीय, खालचा कोपरा कसरीने खाल्लेला. पिवळट तपकिरी रंग. माणसांच्या चार रांगा, सगळ्यांच्या डोक्यावर शिंदेशाही पगड्या, चेहरे वाटाण्याएवढे. पुढच्या रांगेत अंगरखा घातलेला एक मुलगा, त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका डाग. काकूंनी नखाने दाखवलं, "हा हलला बघ. म्हणून चेहराच नाही आला. हे आमच्या ह्यांचे आजोबा." फोटोच्या मागे काहीही लिहिलेलं नाही. ना साल, ना स्टुडिओ, ना नावं. तो मुलगा कोण हे जगात फक्त काकूंना माहीत होतं. आता मलाही माहीत आहे.

त्याच बैठकीत त्यांनी दुसरं सांगितलं. त्यांच्या सासरच्या एका पूर्वजाने 58 च्या जूनमध्ये रावसाहेबांच्या दरबारात वाटलेला पगार घेतला होता. महाराज परत आल्यावर पुन्हा सरकारी नोकरीत रुजूही झाला. "बाहेर बोलायचं नाही असं सांगून ठेवलेलं. पण घरात कोणाला बोनस मिळाला की सासूबाई म्हणायच्या, रावसाहेबांचा पगार झाला वाटतं!" काकू हसल्या आणि लगेच दाराकडे बघितलं. दीडशेहून अधिक वर्षं झाली, संस्थान विलीन होऊन 1948 साल मागे पडलं, आणि ही बाई स्वतःच्या घरात दाराकडे बघते. मी तेव्हा कॅमेरा खाली ठेवला होता. नंतर त्यांच्या परवानगीने फक्त बोटाचा फोटो घेतला, त्या डागावर टेकवलेल्या.

आमच्या लष्करातल्या घरांत अशा गोष्टी खूप आहेत. आपण त्या दाबून ठेवतो, कारण एका बाजूला राजघराण्याबद्दलची निष्ठा, आणि ती खोटी नाही. शाळा, दवाखाने, गाणं, रेल्वे, पुष्कळ काही या घराण्याने या शहराला दिलंय. गोरखी या जुन्या राजवाड्यातल्या देवघरात बीडच्या मन्सूरशाह वली या सूफी संतांची गादी मानणारं हे घराणं आहे, मोहर्रमला ताजिया बसवणारं. आणि दुसऱ्या बाजूला राणी. मला वाटतं या दोन्ही आठवणी एकाच घरात राहू शकतात. त्या राहतच आल्या आहेत. फक्त त्यांना एकाच भिंतीवर लावायची आपली तयारी नसते.

याचा अनुभव मला आला. शहरातल्या एका सभागृहात माझे फोटो लावायचं ठरलं होतं. एक फोटो जयविलास महालाचा, रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवरून काढलेला. खाली मी लिहिलं होतं: 1874 मध्ये बांधलेला महाल. 1857-58 मधल्या साथीबद्दल इंग्रजांनी जयाजीरावांना वर्षाला 3 लाख उत्पन्नाचा मुलूख दिला आणि पायदळ 3 हजारांवरून 5 हजार करायची परवानगी दिली. आयोजकांनी सांगितलं, ही ओळ काढा, मोठ्या लोकांना बोलावलंय. दुसऱ्या दिवशी त्याच समितीतले दुसरे एक गृहस्थ मुरारच्या फोटोखालच्या ओळीवर अडले. तिथे मी लिहिलं होतं की 1 जूनला जयाजीराव स्वतः फौजेच्या पुढे उभे राहिले आणि त्यांच्याच सैनिकांनी त्यांना सोडलं, तेव्हा ते तेवीस-चोवीस वर्षांचे होते. "ये तो आप उनका बचाव कर रही हैं," ते म्हणाले. दोन्ही ओळी काढल्या तर फोटो छानच दिसले असते. महाल, झाडं, रस्ता. मी फोटो परत आणले आणि आमच्या एका नातेवाइकांच्या वाड्याच्या चौकात दोऱ्यांना चिमटे लावून टांगले. शेजारपाजारचे आले, भाजीवाली आली, कॉलेजची मुलं आली. मुरारच्या फोटोसमोर दोघा भावांचं भांडण लागलं, मोठ्याने, दोघेही अनवाणी. मला ते आवडलं. ओळ वाचल्याशिवाय भांडण होत नाही.

किल्ल्याच्या उरवाईच्या वाटेवर खडकात कोरलेल्या जैन मूर्ती आहेत, तोमर राजांच्या काळातल्या. त्या मोडायचा हुकूम दिला असं बाबरने स्वतः लिहून ठेवलंय. नंतरच्या श्रावकांनी काही मूर्तींचे चेहरे चुन्याने पुन्हा घडवले. कडेला उभं राहून नीट पाहिलं तर दगड संपतो आणि चुना सुरू होतो ती रेघ दिसते. गाईड लोक ती रेघ दाखवत नाहीत, फक्त तोडफोड दाखवतात. मी तिकडे जाते ते त्या रेघेसाठी. मोडणारा एकदाच आला, दुरुस्त करणारे येतच राहिले, आणि त्यांनी आपला जोड लपवला नाही.

पुढचं काम अल्बमांचं आहे, आणि त्यासाठी हे लिहायला बसले. लष्कर, दाणाओळ, जनकगंज, कंपू, जिथे कुठे मराठी घरांत जुने फोटो असतील त्यांनी मला कळवावं. मी स्कॅनर घेऊन घरी येते, मूळ फोटो उंबऱ्याबाहेर नेत नाही. तोवर एवढं करा. प्लॅस्टिकच्या चिकट पानांच्या अल्बममध्ये जुने फोटो घालू नका, त्याचा डिंक फोटो खातो. पुठ्ठ्यावरून फोटो सोलायचा प्रयत्न करू नका. काचेच्या प्लेटा असतील तर पाण्याने धुऊ नका, उभ्या ठेवा, मधे कागद घाला. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. डावीकडून कोण कोण, कुठला वाडा, कोणी सांगितलं. साल नक्की नसेल तर अंदाजाने टाकू नका, "आजीच्या लग्नाआधी" असं लिहिलं तरी चालतं. आणि फोटोतल्या माणसाबद्दल घरात दोन गोष्टी सांगितल्या जात असतील, एक सरकारकडची आणि एक पलीकडची, तर मी दोन्ही लिहून घेईन, कोणी कोणती सांगितली त्यासकट. नाव नको असेल तर नाव येणार नाही.